टेबलावरचा लायटर

९ जानेवारी

दूध करपलं! पातेल्याचा तळ कोळसा झाला आणि मी तिथेच, दोन हातांवर, पाठ करून कांदा चिरत उभी. हे बाहेरच्या खोलीतून शिलाई मशीन सोडून धावत आले. "अगं, घर पेटलं तरी तुला कळणार नाही की काय? नाक गहाण ठेवलंस?"

मी म्हटलं, सर्दी आहे.

सर्दीबिर्दी काही नाही. मागच्या आठवड्यात ताप गेला त्याच्याबरोबर तीही गेली. नाक मोकळं आहे, वारा आत-बाहेर छान चाललाय. वास तेवढा नाही. हे पुन्हा मशीनवर बसल्यावर मी एकेक वस्तू हुंगून पाहिली — लसूण, अंगाचा साबण, मशीनच्या तेलाची कुपी, ह्यांचा कालचा सदरा! काहीच नाही. सदऱ्यालाही काही नाही म्हणजे हद्द झाली.

आणि मला शेडमध्ये म्हणतात नाकबाई.

१० जानेवारी

नाक होतं तेव्हा आपण नेमकं काय करतो याचा कधी विचारच केला नाही. आज केला, कारण आज ते जमेना.

भंगार प्लास्टिकचे गठ्ठे फुटतात, पट्ट्यावर माल येतो, दोन्ही बाजूंनी बायका निवडतात. पाण्याच्या पारदर्शक बाटल्या एकीकडे, दुधाळ कॅन दुसरीकडे, पिशव्या तिसरीकडे. ज्याचं कूळ कळत नाही ते खिडकीखालच्या माझ्या टेबलावर येतं. मी त्याची एक चिपटी कापते, लायटरने पेटवते, फुंकते आणि धूर हुंगते. मेणबत्तीसारखा वास आला तर ते पिशवी-कॅनचं भावंड. जळक्या केसांसारखा आला तर नायलॉन. गोडसर आला तर पाण्याची बाटली, आमच्या भाषेत पेट. आणि जो सरळ डोळ्यांच्या कोपऱ्यात जाऊन टोचतो तो पीव्हीसी. त्याला तिथल्या तिथे हाकलायचं. मी बोलले की झालं, माझ्यावर अपील नाही.

आज टेबलावर सात-आठ तुकडे आले. पहिला पेटवला, फुंकला, हुंगला. कोरं! घाम फुटला. मग एकदम सुचलं. धाकटीला — माझ्या धाकट्या जावेला, ती पट्ट्यावर असते — हाक मारली. "ये गं, शीक जरा. हुंग आणि सांग."

तिला आकाश ठेंगणं झालं. नाक पुढे करून एवढा मोठा श्वास घेतला. "ताई, डोळ्यात पाणी आणतोय हा!"

"मग काय असेल?"

"पीव्हीसी?"

"शाबास," मी म्हटलं. तीच शाबासकी दिवसभर वाटत बसले.

१३ जानेवारी

धाकटी साऱ्या शेडभर सांगत फिरतेय, ताई मला तयार करतायत. हो, करतेय की! आपली लबाडी झाकायला.

१४ जानेवारी

मालकांनी सगळ्यांना गोळा केलं. नवा खरेदीदार मिळालाय. आतापर्यंत आमच्या बाटल्यांचा चुरा उशांत भरायच्या कापसासाठी जायचा. उशी फाटली की तिचा प्रवास तिथेच संपतो, तिला पुन्हा कुणी वितळवत नाही. हा नवा माणूस मात्र बाटलीची बाटलीच करणार. ती वापरून झाली की पुन्हा आमच्या पट्ट्यावर येणार, पुन्हा बाटली होणार. मला हे फार आवडलं. म्हणजे आपण केलेलं काम परत आपल्यालाच भेटायला येणार!

पण अट कडक आहे. मालात पीव्हीसी अजिबात नको. पेट वितळायला जेवढी आग लागते, तेवढ्यात पीव्हीसी कधीच करपून बसलेलं असतं. वर आम्ल सोडतं, सगळी भट्टी पिवळी-काळी करतं. नासका आंबा आढी नासवतो, तसलं काम. आधी नमुना पाठवायचा. तो पास झाला तर माल, नाही तर रामराम.

"आपल्याला कसली भीती? आपल्याकडे नाकबाई आहेत!" मालक म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, काय करणार?

शेडच्या मागे आमचा डोंगर आहे. कुणीच घेत नाही असलं मिसळलेलं, चिकटलेलं, चिखलातलं प्लास्टिक. सुटं सुटं आलं असतं तर त्यातलं बरंच कुणी ना कुणी नेलं असतं. एकमेकांत कालवलं म्हणून त्याचा कचरा झाला. नवा माणूस गेला तर पारदर्शक बाटल्यांचं पुन्हा उशीवरच भागवावं लागेल, आणि उशीवाला तर हल्ली दर खेपेला नाक मुरडतो. (त्याला आहे बाबा, मुरडायला.)

१८ जानेवारी

ह्यांनी ओळखलंच. रोज सकाळी ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवतात आणि तो वाफाळता कपडा माझ्या नाकाखाली धरतात. "येतोय?" "नाही." "आता?" "अहो, नाही म्हटलं ना!" लग्न झाल्यापासून त्या गरम ओल्या कापडाच्या वासातच मी जागी होत आले. तो गेलाय हे ह्यांना सांगावं लागलं.

उद्या डॉक्टरकडे.

१९ जानेवारी

डॉक्टरीणबाई तरुण, पण घाई नाही त्यांना. नाकात दिवा घालून पाहिलं. मग विचारलं, काम काय करता? मी अगदी ऐटीत सांगितलं — टेबल, लायटर, धूर, सगळं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"रोज हुंगता?"

"रोज. म्हणून तर चुकत नाही."

त्या म्हणाल्या, ताप हे निमित्त असेल, धूर हे कारण असेल, दोन्ही असेल, छातीठोक कुणी सांगू शकणार नाही. पण पीव्हीसीच्या धुरात आम्ल असतं. ते नाकाच्या आतलं नाजूक अस्तर जाळतं आणि पुढे छातीत उतरतं. परत येईल का, विचारलं. "येईलही, कदाचित येणारही नाही. धूर बंद झाला तरच आशा धरायची."

वाटेत हे काहीबाही बोलत होते, मला धीर द्यायला. मी ऐकतच नव्हते. माझ्या नाकाचं दुःख त्या वेळी मनातही नव्हतं. डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. "ताई, डोळ्यात पाणी आणतोय हा!"

मी तिला बोलावून बोलावून धूर पाजला! माझी खुर्ची वाचावी म्हणून!

बस. तो लायटर त्या टेबलावरून उठला पाहिजे. मी उठवणार.

२० जानेवारी

आधी धाकटीशी बोलले. सगळं खरं सांगितलं, नाक गेल्याचंही. वाटलं होतं घाबरेल. ती उलट भडकली.

"म्हणजे खुर्ची सोडवत नाही, असं सरळ सांगा ना! आत्ता कुठे माझी पाळी आली तर धूर वाईट झाला होय?"

"अगं बये, तुझ्या भल्याचं सांगतेय —"

"तुमचं गेलं म्हणून माझंही जाईल असं कुठे आहे? बसवा मला टेबलावर. बघा मग."

जावा-जावांचं भांडण, शेडला फुकटात करमणूक. कटरवाल्याने तर मशीन बंद करून ऐकलं.

मग मालकांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत. कपाळाला हात लावून बसले. "बाई, लायटरने झटक्यात निकाल लागतो. प्लास्टिक ओळखणारं यंत्र घ्यायचं तर मला शेडच विकावी लागेल. सांगा, मी काय करू?"

म्हटलं, नमुना जाईपर्यंत मला मोकळीक द्या. धुराशिवाय निवड करून दाखवते. शेवटी ठरलं. नमुना पास झाला तर माझी रीत. नापास झाला तर टेबल, लायटर आणि खुर्चीत धाकटी.

लायटर पिशवीत घालूनच घरी आले.

२२ जानेवारी

घरभर बाटल्या. हे म्हणतात, लोक घरात फुलं ठेवतात, आमच्याकडे मोकळ्या बाटल्यांची आरास.

बादलीत पाणी भरून चिपट्या टाकल्या. झाकणांच्या तरंगल्या. कॅनच्या तरंगल्या. पेटच्या बुडाल्या. छान! आणि मग पीव्हीसीचीही बुडाली. मेली! म्हणजे नेमके जे दोघे एकमेकांपासून तोडायचे, तेच पाण्यात सख्खे भाऊ. दिसायलाही तसेच, पारदर्शक, गुळगुळीत.

दुमडून पाहिलं. पीव्हीसीच्या घडीवर पांढरा ओरखडा उठतो, पेटच्या नाही. खरं आहे, पण नवख्या बाईच्या डोळ्याला पट्ट्यावर ते दिसायचं कसं?

२३ जानेवारी

ह्यांनी सोडवलं! चहा पिता पिता एक-एक बाटली उलटी करून बघत होते, शिंप्याची सवय, वस्तू उलटून बघितल्याशिवाय चैन नाही. म्हणाले, "याला खाली शिवण आहे. याला नाही."

"शिवण कसली बाटलीला?"

"बघ ना. या बुडाला आडवी रेघ आहे, दोन तुकडे जोडल्यासारखी. आणि या बाकीच्यांना मधोमध नुसता ठिपका, बटण लावल्यासारखा."

हिसकावूनच घेतल्या. सगळ्या उलट्या केल्या, एकेकीची घडी घालून ताळा पाहिला. शिवणवाल्या सगळ्या पांढऱ्या ओरखड्याच्या. बटणवाल्या सगळ्या पेट. घडवायची तऱ्हाच वेगळी असणार दोघींची. इतकी वर्षं बाटल्या हाताळल्या, पण बूड कधी पाहिलं नाही. नाक होतं ना, डोळे कशाला लागतात!

ह्यांना चहा आणखी एक कप दिला. न मागता.

२७ जानेवारी

शेडमध्ये शिकवणी. "तळ बघा. ठिपका दिसला की पुढे, शिवण दिसली की बाहेर. शंका आली की बाहेर."

"नाकबाई, आता काय, बुडं बघायचे दिवस आले म्हणायचे!" एकीने म्हटलं आणि पट्टा थांबेपर्यंत हसल्या सगळ्या. हसू देत. हसता हसता हात बसतो.

काम मात्र मंदावलंय. मालक पट्ट्याकडे बघतात, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे. धाकटी माझ्याशी बोलत नाही. आज धुण्याच्या टाकीमागून खोकला ऐकू आला. जाऊन पाहिलं तर बाई काडेपेटी घेऊन चिपट्या पेटवतेय! सराव चाललाय म्हणे. काडेपेटी पाण्यात फेकली मी. राग तर माझ्या नाकावरच असतो, तो काही गेला नाही.

३१ जानेवारी

नमुना गेला. प्रत्येक बाटलीचं बूड पाहिलंय. प्रत्येक!

४ फेब्रुवारी

नापास.

खरेदीदाराचा माणूस स्वतः आला. हातात एक चपटा पत्र्याचा ट्रे. आमचा चुरा त्यांनी ओव्हनमध्ये तापवला होता. पेट तसाच राहतो, काचेसारखा. आणि त्यात जागोजागी तपकिरी, करपलेले कण. "हे पीव्हीसी," तो म्हणाला. ओरडला नाही, टोमणा मारला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मालकांनी माझ्यापुढे हात केला. मी पिशवीतून लायटर काढून दिला. त्यांनी तो धाकटीला दिला. खरेदीदाराच्या माणसाने जाता जाता आणखी एक नमुना पाठवायची मुभा दिली, तेवढंच.

मी न्हाणीघरात जाऊन रडले. इथे सांगायला लाज कसली.

५ फेब्रुवारी

पण बुडं मी पाहिली होती! हे मनातून हटेना. सकाळी उठल्याबरोबर मालकांकडून तो ट्रे मागून घेतला आणि चिमट्याने करपलेले कण वेगळे केले. पातळ होते. आक्रसून कांद्याच्या सालीसारखे वळलेले. बाटलीची भिंत एवढी पातळ कुठे असते? आणि एका कणावर लाल रंग दिसला. उजेडात धरला. अर्धं अक्षर!

बाटलीवर कुठून येणार अक्षर?

अक्षर असतं अंगरख्यावर! सरबताच्या बाटल्यांना गळ्यापासून बुडापर्यंत घट्ट छापील वेष्टन असतं ना, तेच. बाटली पेटची, अंगरखा पीव्हीसीचा. सगळे नसतात तसे, पण आहेत. आम्ही कागदी लेबलं धुऊन काढतो, हे मात्र बाटलीबरोबर चिरडलं जातं आणि पाण्यात तिच्याबरोबरच बुडतं. मी जन्मभर चिपटी कापली ती बाटलीची. अंगरख्याची एकदाही नाही! म्हणजे माझं नाक शाबूत असतं तरी हा नमुना नापासच झाला असता.

धावत टेबलापाशी गेले. धाकटी खुर्चीत, पुढे तसलीच एक सरबताची बाटली. बाटलीची चिपटी हुंगून तिने "चांगली" म्हणून पुढे सरकवली होती. मी अंगरखा फाडून तिला दाखवला, म्हटलं हा गुन्हेगार. मी "नको गं" म्हणेपर्यंत तिने त्याला लायटर लावला आणि नेहमीसारखा मोठा श्वास घेतला.

खोकली की काय खोकली! डोळे लाल, दम लागला, खुर्चीवरून उठून जमिनीवर बसली. मी पाठ चोळत होते. जरा शांत झाल्यावर तिने माझं मनगट धरलं.

"ताई, आज सकाळी चहाला वासच नव्हता. मला वाटलं, चहापूड जुनी झाली."

तिला तिथेच जवळ घेतलं, धुळीसकट. तिने लायटर माझ्या हातात दिला नाही. स्वतः उठली आणि मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. "मला नको ही खुर्ची," म्हणाली. मग मी ट्रे पुढे केला आणि अर्धं अक्षर दाखवलं.

मालकांनी चष्मा लावून ते पाहिलं, काढून पाहिलं, परत लावून पाहिलं. "पुढच्या नमुन्यापर्यंत तुमचं चालू द्या," एवढंच बोलले.

७ फेब्रुवारी

धाकटीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिचं वेळेवर थांबलंय, म्हणाल्या. देव पावला.

अंगरखे सोलायचे कसे हा नवा घोळ. इतके घट्ट की नखं तुटतात, सुरीने बोटं कापतात. ह्यांनी खणातून टाके उसवायचं आपलं ते छोटं हत्यार काढलं. टोकाला काटा, काट्याच्या बेचक्यात धार. गळ्यापाशी घातलं आणि सर्रकन खाली ओढलं. अंगरखा गळून पडला! "तीस वर्षं शिवलं, आता उसवायला शिकवतो," म्हणाले. शेडमध्ये येऊन सगळ्यांना दाखवूनही गेले. बायकांमध्ये भाव खाऊन आले, दुसरं काय. आता दोन दिवस गल्लीभर सांगत फिरणार.

१० फेब्रुवारी

आधी अंगरखा उसवायचा, मग बूड बघायचं. हात बसले. धाकटी सगळ्यांत चपळ, तिच्या हाताकडे बघत राहावंसं वाटतं. तिला चहाचा वास आला आज! "ताई, आला, आला!" करत गाळणं घेऊनच शेडभर नाचली. मला आनंद झाला आणि जरासा हेवाही वाटला. दोन्ही लिहून ठेवते.

१३ फेब्रुवारी

दुसरा नमुना गेला.

१८ फेब्रुवारी

पास! ट्रे आला तो आरशासारखा. एक ठिपका नाही. धाकटीने तो डोक्यावर धरून पट्ट्याभोवती फेरी मारली. कटरवाल्याने शिट्टी मारली.

मालक खूश. म्हणाले, तुमचीच रीत. पण जाता जाता लायटर खणातून काढून दाखवला. "हा जपून ठेवतो, बाई. तुमच्याशिवाय कुणाला बसवणार नाही त्या खुर्चीत, शब्द देतो. पण तुमचं नाक आलं की टेबल पुन्हा चालू करायचं. उसवणं, बूड बघणं आणि वर नाक! मग माझ्या मालाला आव्हान द्यायची कुणाची टाप आहे?"

पट्ट्यावरच्या एका नव्या मुलीने लगेच विचारलं, "मग आम्हालाही शिकवाल ना, नाकबाई?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी डबा उघडून जेवायला बसले.

२४ फेब्रुवारी

पहिला ट्रक गेला. आम्ही सगळ्या दारात उभ्या राहून बघत होतो, लेक सासरी निघाल्यासारख्या. फरक एवढाच की हिने परत यावं अशी आमची इच्छा आहे.

२ मार्च

सकाळी ह्यांनी इस्त्रीखालचा कपडा नेहमीसारखा माझ्या नाकाखाली धरला. आला! गरम, ओला, तोच. डोळे भरून आले. म्हटलं, वाफ गेली डोळ्यात. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून ह्यांनाही सांगितलं नाही.

शेडमध्ये मालकांनी विचारलं, "काय बाई, नाक काय म्हणतंय?"

म्हटलं, "गेलं ते गेलंच, मालक. आता नाही यायचं."